अनुभव धागा: पाऊस गेल्यावर झाड काय करतं?

कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे सात-आठ महिने कोरडे. केरळच्या दक्षिण टोकाला हा कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचाच. सह्याद्रीच्या सदाहरित रानातली कितीतरी झाडं उत्तरेकडे येता येता संपतात, ती मला वाटतं यामुळेच. किती पडला यापेक्षा किती दिवस पडला नाही, हे झाडाला जास्त नडतं. तुम्ही काय पाहिलंत?

घाटमाथा
माझं माहेर वाईचं. तिथे बोरी, बाभळी. पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की अंजनी, जांभूळ, पिसा, आणि खोडांवर शेवाळ. अंतर तीसेक किलोमीटर. वर साडेपाच हजार मिलिमीटर, खाली हजारसुद्धा नाही. पण मला नवल अंजनीचं. ऐन उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडते, पानं जाड नि चामट. वाऱ्यामुळे झाड मात्र ठेंगणंच राहतं.

कुळागरवाली
रामपत्रीच्या (रानटी जायफळाच्या) बिया आठवडाभर कागदी पिशवीत ठेवल्या होत्या, एकही रुजली नाही. पुढच्या वर्षी ओल्या भुशात ठेवून लगेच पेरल्या तेव्हा कोंब आले. ही बी सुकली की मेलीच! त्यानंतर दोडामार्गजवळ बांबर्ड्याची राई पाहिली. रामपत्रीच्या जातकुळीतली झाडं, चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं, कारण पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही. २०२१ साली या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आकाशाचा पाऊस थांबला तरी तिथल्या ओहोळामुळे ओल हटत नाही, म्हणून एवढ्या उत्तरेला ही झाडं टिकली. तो ओहोळ कुणी वळवला तर ती राई गेलीच समजा. मला त्याची फार काळजी वाटते.

नागपूरकर
बीचं अगदी पटलं. पेंचला साग, कान्ह्याला साल. सागाची बी वर्षभर ठेवली तरी चालते. सालाची मात्र जूनच्या सुमारास पडते आणि आठवड्याभरात रुजली नाही तर वाया जाते. पाऊस लांबला की ते वर्ष फुकट. अर्थात जमिनीचाही वाटा आहेच.

पुण्याहून
सदाहरित रानातला नागकेशर गच्चीलगत लावला होता, दर एप्रिलला पानांच्या कडा करपायच्या. आंब्याच्या सावलीत, न्हाणीच्या पाण्यावर हलवला. पाच वर्षं झाली. फूल नाही अजून, पण यंदाची लालभडक पालवी मे महिन्यातही शाबूत होती.