बिगबँग खोटा नाही, दीर्घिकाच घाईत होत्या
"जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला विश्वाच्या इतक्या लवकरच्या काळातल्या तयार दीर्घिका (ताऱ्यांचे अवाढव्य समूह) दिसल्या म्हणजे बिगबँगच (विश्वाची सुरुवात झाली तो महास्फोट) खोटा" असं काही जण म्हणतात ते काही पटलं नाही बुवा. चुकलाय तो दीर्घिका किती वेगाने घडतात याचा आपला हिशोब. आधी डार्क मॅटरचे (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) गोळे जमणार, त्यांच्या ओढीने हायड्रोजन-हीलियम आत घसरणार, थंड होणार, मग तारे पेटणार, छोट्या दीर्घिका एकमेकींत मिसळणार, हे सगळं निवांत चालत असेल असं धरून चाललो होतो ना.

आता अलकनंदा ही दीर्घिकाच घ्या, पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी वेबच्या डेटातून शोधलेली. बिगबँगनंतर जेमतेम दीड अब्ज वर्षांतली, तरी दोन नीट वळलेले सर्पिल हात आणि त्यांच्यावर मण्यांसारखे ओवलेले ताऱ्यांचे पुंजके! वर्षाला साधारण ६० सूर्यांइतका माल नव्या ताऱ्यांत जातोय, आपल्या आकाशगंगेत त्या मानाने सगळं थंडच. (नाव पण झकास, आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि अलकनंदा ही मंदाकिनी नदीची बहीण मानलेली नदी, म्हणून ही तिची बहीण.) हात कसे आले यावर दोन मतं आहेत, थंड वायू सतत आत येत राहिला किंवा एखादी छोटी दीर्घिका येऊन धडकली, मला आपलं पहिलं जास्त पटतं.