लंडनमधल्या फ्लॅटची लीज ८० वर्षांवर आलीय. आत्ताच वाढवावी की नव्या कायद्यासाठी थांबावं?

हॅरोकर, १२ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. मागच्या ऑगस्टमध्ये हॅरोला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. एजंटाने ८३ वर्षं लीज (फ्लॅट आपल्याकडे राहण्याची मुदत) उरलीय असं सांगितलं होतं. आता कागद पुढ्यात घेऊन बसलोय, तर पहिल्याच पानावर ‘२९ सप्टेंबर २००६ पासून ९९ वर्षं’ असं आहे. म्हणजे येत्या सप्टेंबरअखेर ८० च्या खाली जाणार.

त्यात फ्रीहोल्डरचं, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचं, पत्र आलंय: १४,००० पाउंड द्या, लीज १२५ वर्षं करून देतो, तीस दिवसांत कळवा. ग्राउंड रेंट (मूळ मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) आहे तेच राहील, म्हणजे सध्या वर्षाला २५० पाउंड आणि दर २५ वर्षांनी दुप्पट. बायको म्हणते, कटकट नको, देऊन टाकू. मला झोप लागत नाहीये. काय करावं?

जुना_लंडनकर

तुम्हाला कायद्याने मागताच येणार नाही. त्यासाठी फ्लॅट दोन वर्षं नावावर असावा लागतो. शिवाय २०२४ चा नवा कायदा आलाय, त्यात ९९० वर्षं मिळणार आणि स्वस्तात. शांतपणे थांबा.

मीनल_आर

हॅरोकर, थांबू नका. मी सॉलिसिटरच्या ऑफिसात लीजच्याच फायली बघते आणि ८० ची रेषा ओलांडून आलेली माणसं बघून जीव तुटतो.

दोन वर्षांची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, काका. फ्लॅट नावावर रजिस्टर झाला की दुसऱ्या दिवशीही फ्रीहोल्डरला लीज वाढवून मागणारी नोटीस देता येते. नव्या कायद्यातला तेवढा भाग लागू झालाय. ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यू (ती काय ते खाली सांगते) रद्द करणं हे कागदावर मंजूर आहे, पण आजच्या तारखेला लागू नाही. कधी होईल त्याची तारीखही जाहीर नाही. तुमचा सप्टेंबर मात्र ठरलेला आहे.

आता पैशांचं बघू. समजा, लांब लीजसह फ्लॅटची किंमत ३,५०,००० आहे. लीज संपल्यावर तो फ्रीहोल्डरला परत मिळणार, आणि ते लांबवल्याची भरपाई त्याला द्यायची. ८० वर्षांनी मिळणाऱ्या त्या फ्लॅटची आजची किंमत ५ टक्के दराने जेमतेम ७,००० पाउंड होते. ग्राउंड रेंट बुडण्याची भरपाई धरा आठ-नऊ हजार, कारण तुमचं दुप्पट होत जाणारं आहे. म्हणजे ढोबळमानाने पंधरा ते अठरा हजार. खरा आकडा व्हॅल्युअर (किंमत काढणारा तज्ज्ञ) सांगेल, मी नाही.

नोटीस दिली त्या दिवशी ८० वर्षांहून जास्त मुदत असेल तर हिशोब इथेच संपतो. ८० किंवा कमी असेल तर लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी जादा किंमत होते, तिच्यातला निम्मा वाटा फ्रीहोल्डर घेतो. हीच ती मॅरेज व्हॅल्यू. फ्लॅट तोच, भिंती त्याच आणि काही हजार पाउंड सहज वर. नोटीस पोचल्याची तारीख धरतात, सौदा पुरा झाल्याची नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलेली नोटीस पुढच्या वर्षी मिटली तरी चालते.

पत्रातली ऑफर स्वस्त दिसते, पण मिळतंय काय ते बघा. १२५ म्हणजे ८० वर जेमतेम ४५ वर्षांची भर, आणि भाडं २१०५ पर्यंत चालूच. सध्या लागू असलेल्या १९९३ च्या कायद्याने मागितलंत तर उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं, म्हणजे १७० आणि ग्राउंड रेंट नवी लीज झाल्या दिवसापासून शून्य. तीस दिवसांची मुदत फ्रीहोल्डरने स्वतःच्या सोयीने घातलीय, तिला कायद्याचा आधार नाही. वहिनींना हे सगळं वाचून दाखवा.

खर्चाचंही ऐका: तुमचा सॉलिसिटर, तुमचा व्हॅल्युअर, आणि फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटर-व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही तुमच्याच माथी. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज नियम असाच आहे. नेहमीच्या घर खरेदीच्या सॉलिसिटरकडे जाऊ नका, लीजचंच काम करणारा बघा. नोटिशीत फ्रीहोल्डरचं नाव किंवा तारीख चुकली तर अख्खी नोटीस बाद होऊ शकते.

स्लाऊची_स्नेहा

मीनलताईंना दुजोरा. आम्ही एक फ्लॅट घ्यायला निघालो होतो, लीज भरपूर होती. पण ग्राउंड रेंट दुप्पट होत जाणारं निघालं आणि बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. विकणाऱ्या बाई बिचाऱ्या फोनवर रडत होत्या. भाडं शून्य होत असेल तर ते सोडू नका, दादा.

हॅरोकर

ताई, खूप आभार. व्हॅल्युअरची वेळ घेतोय. एकच शंका: नोटीस दिली आणि फ्रीहोल्डर गप्पच बसला तर?

मीनल_आर

नोटिशीत उत्तरासाठी तारीख लिहावी लागते, किमान दोन महिन्यांची. ती उलटली आणि प्रतिनोटीस (फ्रीहोल्डरचं लेखी उत्तर) आली नाही, तर काउंटी कोर्टात जाऊन तुम्ही लिहिलेल्याच अटींवर लीज मागता येते. म्हणून तुमचा आकडा कमी असला तरी खरा वाटेल असाच टाका. अगदी हास्यास्पद टाकलात तर नोटीसच अडचणीत येते.

उत्तर आलं आणि किमतीवर जुळलं नाही, तर दोन महिन्यांनंतर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करता येतो. मात्र प्रतिनोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत. बोलणी चाललीत, होईल आज-उद्या, असं म्हणत लोक ही तारीख घालवतात. मग नोटीस मागे घेतली असं धरतात, पुढचे बारा महिने नवी देता येत नाही, आणि तोवर तुम्ही ७९ च्याही खाली गेलेले असाल. सॉलिसिटर कितीही चांगला असो, ती तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि नोटीस गेली की तिची नोंद लँड रजिस्ट्रीत करायला सांगा. मधेच त्यांनी फ्रीहोल्ड विकलं तरी नवा मालक तुमच्या नोटिशीला बांधील राहतो.