माल उरला तर पैसे कोण देणार? वस्तीतील तरुणांना उद्योजकता शिकवण्याविषयी

प्रश्न : अभ्यासिकेतील स्वयंसेविका, उत्तर नागपूर

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत १६ ते २२ वयाची अठरा मुले-मुली संध्याकाळी येतात. काहींच्या आया धुणीभांडी करतात, तर काही मुले स्वतः कळमना बाजारात हमाली किंवा लग्नसराईत वाढप्याचे काम करतात. त्यांना व्यवसाय कसा उभा करावा हे शिकवावे म्हणून मी पहिल्या दिवशी मोठ्या उद्योजकांच्या यशोगाथा सांगितल्या, आणि पुढच्या आठवड्यात निम्मीच मुले आली. आलेल्यांपैकी एका मुलीने विचारले, "ताई, माल उरला तर त्याचे पैसे कोण देणार?" मला उत्तर देता आले नाही. ज्यांच्या घरी पाचशे रुपये बुडाले तर आठवड्याचा किराणा अडतो, अशा मुलांना जोखीम घ्यायला शिकवणे मुळात योग्य आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ : नागपूरच्या इतवारी बाजारातील व्यापारी

ताई, त्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच आपला पहिला धडा आहे. व्यापारात प्रत्येक जण आधी हाच विचार करतो आणि विक्रीचा विचार नंतर.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल ओढतात त्या सणाचे, उदाहरण घ्या, कारण लाकडी नंदी नागपुरातल्या प्रत्येक मुलाने ओढलेला असतो. समजा, मुलांनी १०० रुपयांप्रमाणे २० नंदी ठोक भावात घेतले आणि १५० रुपयांप्रमाणे १४ विकले. हातात २,१०० रुपये आले, म्हणजे घातलेल्या २,००० वर १०० रुपये सुटले. पण सहा नंदी घरात राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गिऱ्हाईक नाही. त्यांत अडकलेले ६०० रुपये पुढच्या वर्षीपर्यंत मोकळे होणार नाहीत. हे गणित मुलांनी स्वतःच्या वहीत मांडले, की किती माल उचलावा हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती शिकलेली माणसेही विसरतात. दोन मुलांनी सकाळी तर्री-पोह्यांचा ठेला लावला, २० रुपयांच्या ६० प्लेटा विकल्या आणि पोहे, चणे, तेल, कांदा, गॅस मिळून ७०० रुपये खर्च आला, तर ती आनंदाने सांगतात की ५०० रुपये नफा झाला. परंतु पहाटे चारपासून दोघे राबले. तेवढ्याच वेळात वाढप्याच्या कामावर प्रत्येकी ३०० रुपये मिळणार असतील, तर हा धंदा त्यांना १०० रुपयांनी कमीच देत आहे. स्वतःची रोजी खर्चात धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. गरिबाच्या घरात कष्ट फुकट धरले जातात, आणि म्हणूनच अनेक ठेले वर्षानुवर्षे चालूनही घर वर येत नाही. ठेला लावूच नये असे मी म्हणत नाही. शंभर प्लेटांपर्यंत विक्री गेली तर हिशेब पालटतो. पण तो पालटतो केव्हा, हे त्यांना कागदावर दिसले पाहिजे.

उत्तर २ : निवृत्त बँक अधिकारी

वरील हिशेबात एक भर घालतो. तेच २,००० रुपये महिना दहा टक्क्यांनी खासगी उसनवारीने आणले असते, तर एका महिन्याचे व्याजच २०० रुपये झाले असते, म्हणजे सुटलेल्या रकमेच्या दुप्पट. म्हणून पहिली खेप कर्जावर नसावी.

अठरा वर्षांखालील मुलांना कर्जाची स्वप्ने दाखवू नका, कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार बंधनकारक नसतो आणि बँक त्यांना कर्ज देणार नाही. त्यांना बचत खाते वापरायला शिकवा. मोठ्यांसाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या कर्ज योजनेची रचना मला शिकवण्याच्या दृष्टीने विशेष वाटते : पथविक्रेत्याला आरंभी १०,००० रुपये, ते फेडल्यावर २०,००० आणि मग ५०,००० अशी ती पायरी-पायरीने आखली होती. आपल्या वर्गातही असेच करता येईल.

पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी सरकारी योजना, हिच्या अनुदानाबद्दल फार गैरसमज आहेत. ते रोख हातात येत नाही. तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि नंतर कर्जखात्यात वळते होते. अनुदान म्हणजे नफा समजून कर्ज काढणारी मुले मी अडचणीत येताना पाहिली आहेत.

उत्तर ३ : पूर्वीचा प्रशिक्षणार्थी

मी अशाच वस्तीतून आलो आहे. एका संस्थेत मी उद्योजकतेचे प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्र मिळाले, छायाचित्र निघाले आणि त्यानंतर कोणी विचारपूस केली नाही. माझा मोबाइल दुरुस्तीचा धंदा गिऱ्हाइकांअभावी बंद पडला नाही. गल्ल्यातले पैसे घरात गेले म्हणून पडला. वडिलांचे औषध, बहिणीची फी, यांना नाही कसे म्हणणार? सुटे भाग आणायला पैसे उरेनात. वही वेगळी ठेवा असे मला शिकवले होते. घरच्यांशी कसे बोलावे हे मात्र कोणी शिकवले नव्हते. माझी विनंती आहे की एका बैठकीला आई-वडिलांना बोलवा आणि धंद्यातून घरात दर आठवड्याला किती रक्कम जाईल, हे त्यांच्यासमोर ठरवा. आणि ज्याला नोकरी हवी आहे, त्याला कमी लेखू नका.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. यशोगाथा मी बाजूला ठेवते आहे. चार-चार, पाच-पाच जणांचे चार गट करून प्रत्येकाला १,००० रुपयांचे भांडवल आम्ही स्वयंसेवक देऊ, आणि पहिल्या खेपेतील तोटा वर्ग सोसेल, मुलांच्या घरांवर तो जाणार नाही, असे पालकांच्या बैठकीत सांगू. दुसऱ्या खेपेपासून तोट्याचा काही भाग गटाच्या बचतीतून जाईल. दादा, एकच विचारते : उरलेला माल परत घेण्याच्या अटीवर इतवारीत कोणी माल देईल का?

उत्तर : इतवारीतील व्यापारी

पहिल्या खेपेला बहुधा कोणी देणार नाही. थोडा माल रोखीने उचला, आठ दिवसांनी पुन्हा त्याच दुकानात जा; तिसऱ्या वेळी दुकानदार स्वतःहून बोलायला लागतो. पण हे विचारायला आपण जाऊ नका. त्या मुलीला पाठवा.