दुसऱ्या शाखेची पदवी, मग थेट मास्टर्स करून नर्स: पटतं का तुम्हाला?

चार्ल्सकाठी
बॉस्टनला असते. पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, इथे सात वर्षं लॅबमध्ये काढली आणि आता छत्तिसाव्या वर्षी नर्सिंगच्या डायरेक्ट एंट्री मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. या कोर्सला आधीची पदवी कुठल्याही विषयातली चालते. फक्त ॲनाटमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय आधी करून यावे लागतात. शेवटी नर्सच्या परवान्याची परीक्षा सगळ्यांना एकच, एनक्लेक्स-आरएन.

मंडळाच्या गणपतीत एक काकू भेटल्या, बावीस वर्षं नर्स आहेत. म्हणाल्या, "एवढ्यात कुणी नर्स होतं का गं? आम्ही तीन वर्षं वॉर्डात राबलो." ते मनाला लागलं, म्हणून इथे लिहितेय.

माझं मत स्पष्ट आहे, हा रस्ता योग्य आहे. आणि तो काही काल निघालेला नाही. येलच्या नर्सिंग स्कूलने १९३४ पासूनच प्रवेशासाठी पदवी मागितली होती. मोठ्या वयात येणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. परवा क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाला, एका आजोबांचं पोटॅशियम ६.१ आलं, धोक्याइतकं जास्त. ईसीजी व्यवस्थित, आजोबा शांतपणे चहा पीत बसलेले. सकाळी रक्त काढताना शीर सापडत नव्हती, खूप ओढाताण झाली होती, तेव्हा मी त्यांचा हात धरून उभी होते. रिपोर्टखाली बारीक अक्षरात नमुना हिमोलाइज्ड असल्याची नोंद होती. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं, हे लॅबमध्ये मी शेकडो वेळा पाहिलंय. इन्स्ट्रक्टरला सांगितलं. पुन्हा रक्त पाठवलं, ४.४ आलं. ती सात वर्षं वाया गेली असं मला कुणी सांगू नये.

रात्रपाळी
ताई, मी त्या काकू नव्हे, पण मत त्यांच्यासारखंच आहे. महाराष्ट्रात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग इथे येऊन एनक्लेक्स. आता नव्या मुलामुलींना शिकवते.

पोटॅशियम तुम्ही अचूक ओळखलंत, मान्य. पण कागदावरचं ओळखणं तुम्हाला आधीपासून येत होतं. मागच्या हिवाळ्यात माझ्या हाताखाली अशीच मास्टर्स केलेली मुलगी होती, अतिशय हुशार. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा पेशंट, सॅच्युरेशन ९३. तिने चार्टवर श्वास १८ लिहिले. पेशंट सारखा चादर ओढत होता, "मला काहीतरी होतंय" म्हणत होता. मी पलंगाशी उभी राहिले, छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ३२. फुप्फुसात गुठळी गेली होती. १८ हा आकडा तिने मोजलाच नव्हता. आधीच्या शिफ्टला होता तोच उतरवला.

लवकर नर्स होण्याला माझा विरोध नाही. पलंगाशी उभं राहण्याआधीच नावामागे मास्टर्स लागतं, याला आहे. त्यातले कित्येकजण पुढे थेट नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः औषधं लिहून देणारी नर्स, व्हायला जातात. त्या शिक्षणात रुग्णांबरोबरचे तास किमान ५०० होते, २०२२ च्या नव्या मानकांत ७५० झाले. आठवड्याला ३६ तास धरले तर ७५० म्हणजे पाच महिनेसुद्धा होत नाहीत! एवढ्या अनुभवावर औषधं लिहून द्यायची?

पार्सिपनी
मी पैशांचं बोलतो. कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा असोसिएट कोर्स केला तरी परवाना तोच मिळतो, आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा. मग लाखभर डॉलर कशाला घालायचे? शिवाय २०२५ च्या कायद्याने मास्टर्ससाठीचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद.

एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे इथे आलेल्या वहिनींसाठी मुद्दाम सांगतो. शिकायला परवानगी आहे, नोकरीला नाही, ईएडी हे कामाच्या परवानगीचं कार्ड मिळालं तरच. ते २०१५ पासून मिळतं, पण नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. साध्या वॉर्डातल्या नर्सला एच-१बी मिळणंही फार अवघड, कारण त्या कामाला बॅचलर्स सक्तीची मानत नाहीत. माझी बायको परवाना हातात घेऊन चौदा महिने घरी बसली. रोज सकाळी उठून पुस्तकं काढायची, विसरायला होऊ नये म्हणून.

चार्ल्सकाठी
पार्सिपनी, वहिनींचं वाचून वाईट वाटलं. व्हिसाचं अगदी खरं आहे. पण असोसिएट करून सगळीकडे तिथेच थांबता येत नाही. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये कायदाच केला, दहा वर्षांत बॅचलर्स करा. एक पदवी असलेल्या बाईने आधी असोसिएट, मग पुन्हा बॅचलर्स करत बसायचं का?

लीड्सहून
इकडे ब्रिटनमध्ये हा वाद एवढा होत नाही, कारण इथे तास मोजतात. दोन वर्षांचं एमएस्सी असो की तीन वर्षांची पदवी, हिशेब प्रत्यक्ष कामातून शिकण्याच्या २३०० तासांचाच. आधी केअर असिस्टंट म्हणून काम केलं असेल तर त्यातले काही तास धरतात, तेही पुराव्यानिशी. मी इतिहासात एम.ए., केअर होममध्ये दोन वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, मग एमएस्सीला गेले. नोकरी बँड ५ लाच, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीतच लागली, पदवीवाल्यांच्या बरोबरीने. मास्टर्स म्हणून एक पौंड जास्त नाही, आणि ते मला योग्य वाटतं.

गोदाकाठ
तुमच्याकडे निदान दोन रस्त्यांवर वाद घालता येतो. माझी बहीण बी.कॉम., सत्तावीस वर्षांची. वडिलांचं डायलिसिस तीन वर्षं तिनेच सांभाळलं. रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांच्या हातावरच्या फिस्चुलावर (डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेवर) बोटं ठेवायची, थरथर लागतेय ना बघायची. आता तिला नर्स व्हायचंय. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं, तिचं कॉमर्स. एम.एस्सी. नर्सिंगला आधी नर्सिंगचीच पदवी आणि वर अनुभव. उरलं जीएनएम, अठरा वर्षांच्या मुलींबरोबर पहिल्यापासून. रात्रपाळीताई, हे न्यायाचं आहे का?

रात्रपाळी
नाही, न्यायाचं नाही. तुमच्या बहिणीचं वाचून मला माझ्या मताला थोडी मुरड घालावी लागेल. पदवीधरांसाठी आपल्याकडे वेगळा कोर्स हवा, पण लीड्सच्या ताई म्हणतात तसा, वॉर्डातला एकही तास न कापता. तोवर तिला जीएनएमला घालाच. वर्गात पहिले दोन महिने जड जातील. वॉर्डात गेल्यावर जाणार नाहीत, थरथर बघणारी बोटं आहेत तिची.

चार्ल्सकाठी, तुम्ही पहिली दोन वर्षं मेडिकल-सर्जिकल वॉर्ड घ्या, आणि तोही रात्रीचा. मगच पुढचं.

चार्ल्सकाठी
घेईन, ताई. प्रॅक्टिशनरचं तुमचं म्हणणं पटलं, कोर्सचं अजून नाही. काल क्लिनिकलला तीन पेशंटचे श्वास पूर्ण मिनिट मोजले. तिघांच्याही चार्टवर १८ होतं. दोघांचे जवळपास तेवढेच भरले. खिडकीजवळच्या आजींचे २६. लगेच इन्स्ट्रक्टरला बोलावलं.