आणीबाणीसाठी हॅम सेट घ्यायचा तर गोव्यात कुठला? हँडी की एचएफ?

सत्तरीकर (वाळपई)

पावसाळा तोंडावर आला की ओळखीपाळखीत एकच विचारणा सुरू होते, आणीबाणीसाठी कुठला वायरलेस सेट घ्यावा? आणि सल्लाही ठरलेला: पाच वॉटचा नको, आठ वॉटचा घ्या, रेंज वाढेल. मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, झाडं आणि खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. दोनच महिन्यांनी म्हादईला पूर. वीज गेली की मागोमाग मोबाईल जातो, हे त्या वर्षी सगळ्यांनी अनुभवलं.

माझं मत सरळ आहे. हॅमचा, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना काढा, साधी ॲनालॉग एफएम हँडी (हातात धरून बोलायचा सेट) घ्या आणि वॉटवर घालायचे पैसे अँटेना आणि बॅटरीवर घाला. पाचाचे आठ वॉट केले तर वाढतात फक्त दोन डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर एक अंक चढायला सहा डेसिबल लागतात, म्हणजे चौपट पॉवर. उंचीचं गणित वेगळं. हातातले दोन सेट जमिनीपासून दीडेक मीटरवर असतील तर उघड्या समुद्रावर दहाएक किलोमीटर बोलणं होतं. तेच सत्तरीत, मधे डोंगराची एक सोंड आली की पलीकडच्या वाड्यावर आवाज जात नाही, मग वॉट पाच असोत की आठ.

म्हणून सेट बघताना मी आधी त्याची अँटेना निघते का ते बघतो. कंपनीचा रबरी शेंडा काढून 145 मेगाहर्ट्झसाठी पन्नास सेंटीमीटरची पाव-तरंग अँटेना (लहरीच्या लांबीच्या चौथाई उंचीची) लावा, फरक लगेच कळतो. त्याहून चांगलं म्हणजे जुन्या टीव्हीच्या चपट्या दुहेरी वायरची जे-पोल नावाची लांबट अँटेना करून फणसाच्या उंच फांदीवरून सोडायची. तिची गुंडाळी खिशात मावते. बॅटरीचं म्हणाल तर 7.4 व्होल्ट, 1800 एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम 13 वॉट-अवर. पूर्ण पॉवरवर सतत बोलत राहिलात तर तासाभरात संपेल. एक वॉटवर बोला, थोडकं बोला, आणि जास्तीची बॅटरी त्याच सेटची घेऊन ठेवा. सेट आयपी67, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा असेल तर उत्तम, आपल्या पावसात तो खर्च वाया जात नाही.

आल्तिनो (पणजी)

सत्तरीकरबाब, अँटेनाबद्दलचं सगळं मान्य. पण निष्कर्ष चुकीचा काढताय. मधे डोंगर आला की आवाज जात नाही हे तुम्हीच लिहिलंत, मग हँडी घ्या कसं सांगता? फणसावर चढवलेली जे-पोल डोंगराच्या वर जात नाही.

अशा मुलखाला एचएफ हवा, म्हणजे हँडीपेक्षा बऱ्याच कमी फ्रिक्वेन्सीवर लांब बोलणारा सेट. 7 मेगाहर्ट्झवर साधारण वीस मीटरची डायपोल (आडवी तारेची अँटेना) दोन माडांच्या मधे, जमिनीपासून चार-पाच मीटरवरच बांधा. इतकी खाली बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून चहूबाजूंनी तीन-चारशे किलोमीटरवर उतरतात. डोंगराचा अडथळाच उरत नाही. वाळपईहून पणजी, बेळगाव, पुणे दिवसाउजेडी मिळतं. रात्री 7 वर जवळचं तुटलं तर 3.5 वर उतरायचं. हातात मावणारे, पाच-दहा वॉटचे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे एचएफ सेट बाजारात आहेत.

2004 च्या त्सुनामीचं बघा. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्याच महिन्यात जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. फोन बंद पडले तेव्हा अंदमानची खबर मुख्य भूमीपर्यंत त्यांनी पोचवली. ती हँडीवरून पोचली नसती.

सत्तरीकर

आल्तिनोबाब, अंदमानला मुख्य भूमी गाठायची होती. आम्हाला नदीपलीकडचा वाडा गाठायचा असतो. पहिल्या सहा तासांत पुण्याला कळून काय उपयोग? कुणाच्या घरात पाणी शिरलंय, कुठल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायचंय, हे चार किलोमीटरच्या आत बोलायचं असतं.

आणि डोंगर नुसता अडवत नाही, उंचीही देतो. दोन्ही वाडे जिथून दिसतात अशा टेंबावर, म्हणजे टेकडीवर एक माणूस बसवला तर तो दोघांचे निरोप इकडून तिकडे देतो. ती जागा उन्हाळ्यातच शोधून ठेवावी लागते. रिपीटर (आलेला आवाज आपोआप पुढे पाठवणारं यंत्र) असला तर सोय होते, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. विजा पडायच्या दिवसांत डोंगरावरचं यंत्र आधी जातं. शिवाय तुमच्या एचएफ सेटची किंमत लाखाच्या आसपास जाते. तेवढ्यात गावात दहा हँडी होतात.

काणकोणकर

तुम्ही दोघेही परवानाधारकाच्या खुर्चीतून बोलताय. 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात पाणी चढलं ते काही तासांत. त्या दिवशी कामाला आले ते शेजारी, त्यांच्यातला कुणी परीक्षेला बसलेला नव्हता. वाड्यावरच्या वीस पोरांना तुम्ही परीक्षा द्यायला लावणार का?

2018 पासून आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरच्या कमी पॉवरच्या वॉकीटॉकींना परवाना लागत नाही. सरकारमान्य सेट घ्यायचा एवढंच. बटण दाबलं की बोलता येतं, आजीलाही शिकवता येतं. तुमच्या दहा हँडी चालवायला दहा परवानाधारक कुठून आणणार?

सत्तरीकर

हा मुद्दा वजनदार आहे. पण 446 म्हणजे यूएचएफ, आपल्या 145 पेक्षा बरीच वरची फ्रिक्वेन्सी, आणि ओल्या पानांत यूएचएफ 145 पेक्षा जास्त मरतं. पॉवर कमी, वर अँटेना बदलायची मुभा नाही. पावसात भिजलेल्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) तो आवाज किती लांब जाईल?

काणकोणकर

वाड्यापुरता जातो, आणि मला वाड्यापुरताच हवाय. वाड्याबाहेर बोलायला एक परवानाधारक पुरे.

तेरेखोल (पेडणे)

मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे होड्या आहेत. काही हजारांत मिळणारे ते चिनी सेट बहुतेक 136 ते 174 मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलतात. आपला हॅमचा दोन मीटरचा पट्टा, 145 च्या हँडीचा, फक्त 144 ते 146 आहे. 156.8 हा समुद्रावरचा चॅनल 16, संकटात सापडलेला खलाशी तिथे हाक मारतो. वाढदिवसाची भेट म्हणून आलेला सेट पोराने फिरवला आणि त्याच वेळी बाहेर कुणाची होडी बुडत असेल तर?

म्हणून हॅम पट्ट्याबाहेर ट्रान्समिशन बंद केलेलाच सेट घ्या, आणि परवाना आधी. 1933 च्या कायद्यापासून आपल्याकडे परवान्याशिवाय वायरलेस सेट नुसता बाळगणंही गुन्हा ठरत आलंय. ‘आणीबाणीत कोण विचारतो’ असं म्हणणाऱ्यांना सांगते, आणीबाणीतच पोलीस, तटरक्षक आणि ट्रॉलर सगळे एकाच वेळी बोलत असतात. तेव्हाच शिस्त लागते.

परीक्षेची भीतीही उगाच घातली जाते, काणकोणकरबाब. बारा वर्षांच्या मुलालाही बसता येतं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, तो वरच्या जनरल ग्रेडला लागतो. आमच्या घरात आधी मुलगी बसली, मग मी.

फोंडेकर

मी विरोधातच लिहितोय. हा सगळा खटाटोप चुकीच्या जागी चाललाय. वादळात मोबाईल गेला तो टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपल्यामुळे. पंचायतींनी टॉवरना जास्त तासांचा बॅकअप मागावा. त्याने तालुक्यातल्या प्रत्येकाचा फोन चालतो. हॅममुळे चार हौशी लोकांचं बोलणं होतं.

आल्तिनो

फोंडेकरबाब, बॅकअप मागाच, मीही सही करतो. पण फायबर तुटला तर बॅटरी भरलेला टॉवरही मुका होतो. आणि टॉवर चालू असतो तेव्हा सगळे एकदम फोन लावतात. हॅमच्या नेटवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या सेटांत, एकाने बोललेलं सगळे ऐकतात, तेच काम फोन करत नाही. चार लोकांचं बोलणं म्हणालात, तर नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडल्यावर आपत्तीचे निरोप इतरांच्या वतीने पोचवायची मोकळीक हॅमना नियमातच दिलेली आहे. ते चार जण गावाचेच निरोप देत असतात.

फोंडेकर

निरोप घ्यायला पलीकडे कुणी बसलेलं असेल तर. मामलेदार कचेरीत सेट आहे का, त्यावर माणूस आहे का, हे आधी विचारा. खरेदी नंतर.

सत्तरीकर

हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवण्यासारखं. फोंडेकरबाब, तुमच्या या अटीवर मी खरेदीचा क्रम लावतो: वाड्यावर काणकोणकरबाबांचे 446 चे सेट, टेंबावरच्या माणसाला आणि पंचायतीला 145 ची हँडी, तीही तेरेखोलबाय म्हणतात तशी पट्ट्यापुरती बांधलेली. एचएफ तालुक्याला एक, कचेरीच्या आवारात, गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर.

आल्तिनो

तालुक्याला एक कमी आहे. तो एक पाण्यात गेला तर? मी दोन म्हणेन, आणि दुसरा नदीच्या पलीकडच्या बाजूला. त्यासाठी तुमच्या दहा हँडींतल्या पाच कमी झाल्या तरी चालतील.

सत्तरीकर

पाच नाही, दोन. पण जूनच्या आधी एका रविवारी या वाळपईला, माड आमचे, वायर तुमची. दोन्ही बाजूंनी बोलून बघू, मग आकडा ठरवू.