संस्कृती धर्म घडवतो, की धर्माच्या नावाने दुसरेच कोणी?

धागाकर्ता

धर्माने संस्कृती घडवली असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रार्थनास्थळे, शिल्पे, चित्रे आणि संगीत उभे राहते. माझ्या मते हा प्रभावाचा सर्वांत ठळक, पण वरचा थर आहे. धर्माची खरी पकड असते ती वेळापत्रकावर: काम कधी थांबवायचे, एकत्र कधी जमायचे, उपवास कधी सोडायचा आणि कोणत्या दिवशी दुकान उघडल्यास शेजारी नावे ठेवतील. श्रद्धा पातळ झाली तरी हे वेळापत्रक टिकते, कारण ते पाळायला श्रद्धा लागतेच असे नाही.

सात दिवसांचा आठवडा पाहा. दिवस, महिना आणि वर्ष यांना सूर्यचंद्राचा आधार आहे. आठवड्याला तसा नेमका आधार नाही. त्याच्या प्रसारात फलज्योतिषाचा वाटा आहेच, पण त्याला शिस्तीचे रूप दिले ते ज्यूंच्या शब्बाथने (शनिवारच्या विश्रांतीदिनाने), ख्रिस्ती रविवारने आणि मुस्लिमांच्या शुक्रवारच्या सामूहिक नमाजाने. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये तो मोडून दहा दिवसांचा आठवडा आणला. नेपोलियनने १८०१ मध्ये पोपशी करार केल्यावर रविवार परतला आणि १ जानेवारी १८०६ पासून ती कालगणनाच रद्द झाली. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये पाच आणि १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला. १९४० मध्ये तोही सातावर परत आला. राजाचा शिरच्छेद करणाऱ्या आणि चर्च जमीनदोस्त करणाऱ्या या राजवटींना रविवार मात्र हलवता आला नाही, याचा अर्थ आपण काय लावाल?

आडवाट

उदाहरणे खरी आहेत, अर्थ मात्र घाईने लावलेला आहे. फ्रान्समध्ये विश्रांतीचा दिवस सातांतून एकाऐवजी दहांतून एक झाला. त्यावर मजूर चिडला, तर त्यासाठी त्याने भाविक असण्याची गरज नव्हती. सोव्हिएत योजनेत यंत्रे अखंड चालावीत म्हणून कामगारांचे पाच गट केले गेले आणि प्रत्येक गटाची सुट्टी वेगळ्या दिवशी ठेवली गेली. नवऱ्याला एका दिवशी सुट्टी, बायकोला दुसऱ्या दिवशी आणि मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद, असे झाल्यावर घर टिकवू पाहणारा नास्तिकसुद्धा रविवारच मागेल.

माझा मुद्दा उलट आहे. ज्याला आपण धर्माने घडवलेली परंपरा म्हणतो, ती पुष्कळदा सत्तेने घडवलेली असते आणि धर्म तिला फक्त मान्यता देतो. जपानमध्ये सम्राट तेम्मू यांनी इ. स. ६७५ मध्ये, बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली, वर्षातील ठरावीक महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली. पुढे मांसाहाराविषयीची नावड समाजात मुरली (शिकारीचे मांस ‘औषध’ म्हणून खाण्याची पळवाट मात्र लोकांनी शोधलीच). मग १८७२ मध्ये सम्राट मेइजी गोमांस खातात हे जाहीर झाले आणि बाराशे वर्षांच्या संकोचाला एका पिढीत ओहोटी लागली. शिंतो मंदिरातील विवाहविधी आज प्राचीन भासतो, पण तो रूढ झाला तो १९०० मध्ये युवराज योशिहितो यांचा विवाह राजवाड्यातील देवस्थानासमोर झाल्यानंतर. त्याआधी सामान्य लोकांची लग्ने बहुधा घरीच, पुरोहिताविना होत असत.

धागाकर्ता

@आडवाट, सत्ता हुकूम काढते हे मान्य. पण हुकमात काय असते, ते कोठून येते? स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने प्रजेला धर्मपाठ वाचता यावा असा आग्रह धरला. तो कायदा राजा अकराव्या कार्लचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तेचाच. शाळा जवळजवळ नव्हत्या. मुलांना शिकवण्याची जबाबदारी घरच्यांवर होती आणि पाद्री घरोघरच्या माणसांची परीक्षा घेऊन निकाल नोंदवहीत लिहीत असे. सार्वत्रिक शाळांचा कायदा १८४२ मध्ये आला, तोवर देशातील बहुतेक प्रौढांना, स्त्रियांनाही, वाचता येत होते.

आता यातील विचित्र तपशील पाहा: यांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. ज्या राज्याला कारकून, हिशेबनीस आणि अर्ज करणारे नागरिक हवे असतात, ते लिहायलाही शिकवते. फक्त वाचायला शिकवण्याला अर्थ येतो तो प्रत्येकाने देवाचे वचन स्वतः वाचावे या धर्मसुधारक मार्टिन ल्युथरच्या आग्रहामुळेच. साधन राजाचे होते, आराखडा धर्माचा होता. या वाचनाचा पुढे वृत्तपत्रांना आणि राजकीय चळवळींना जो उपयोग झाला, तो मात्र त्या पाद्र्यांच्या मनातही नव्हता.

पैलतीर

दोघेही धर्म आणि परंपरा एकाच पारड्यात टाकत आहात आणि सत्तेला दुसऱ्या पारड्यात. प्रत्यक्षात धर्म आणि परंपरा यांच्यातच भांडण असते आणि संस्कृतीचा आकार त्या भांडणातून ठरतो.

इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा येथील मिनांगकाबाऊ लोक श्रद्धाळू मुस्लिम आहेत आणि त्यांची कुळे आईकडून चालतात. घर आणि वडिलोपार्जित शेती मुलींकडे जाते; तरुण मुलगे नशीब काढायला परगावी जातात. इस्लामी वारसाहक्कात मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट असतो, म्हणजे दोन्ही नियम एकमेकांशी थेट भिडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मक्केहून परतलेल्या सुधारकांनी जुगार आणि कोंबड्यांच्या झुंजींबरोबर मातृवंशीय रीतीवरही हल्ला चढवला आणि त्यातून पाद्री युद्ध पेटले (येथील ‘पाद्री’ म्हणजे तेच मुस्लिम सुधारक). अखेरीस जी घडी बसली, ती कोणत्याही धर्मग्रंथात सापडणार नाही: कुळाची जुनी मालमत्ता आईच्या वंशाकडे आणि माणसाने स्वतः कमावलेली इस्लामी नियमांनुसार. धर्माने तेथे संस्कृती घडवली नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्याला आत येण्यासाठी परंपरेने दार किती उघडायचे, हे परंपरेने ठरवले.

आडवाट

@पैलतीर, त्या युद्धात परंपरेच्या बाजूच्या सरदारांनी डचांना बोलावले आणि १८२१ नंतर निकाल डच तोफांनी लावला, हे आपण सोडून दिलेत. सुधारकांचा शेवटचा मोठा बालेकिल्ला बोंजोल १८३७ मध्ये पडला. परंपरा जिंकली, ती परकीय फौज हाताशी होती म्हणून.

पैलतीर

तोफांनी बालेकिल्ला घेतला, वारसाहक्क नव्हे. डच गेले, इंडोनेशिया स्वतंत्र झाला आणि तरीही कुळाची जमीन आईच्याच वंशात जाते आहे. त्यासाठी आता कोणती फौज उभी आहे, ते सांगावे.

त्रयस्थ

मूळ वेळापत्रकाच्या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण तेथे तिघांच्याही बाजूला थोडे थोडे सापडते. तुर्कस्तानने १९२४ मध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी ठेवली आणि १९३५ मध्ये ती रविवारी नेली. सत्तेला दिवस बदलता आला. सात हा आकडा तिने बदलून पाहिलाही नाही. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार सुट्टी केली, ती बाहेरच्या बाजारांशी व्यवहाराचे दिवस अधिक जुळावेत म्हणून. म्हणजे व्यापारानेही वेळापत्रक हलवले, पण शुक्रवारला हात न लावता.

संयुक्त अरब अमिरातीने मात्र २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांसाठी शनिवार-रविवार सुट्टी जाहीर करून शुक्रवार अर्ध्या दिवसाच्या कामाचा केला आणि शुक्रवारच्या नमाजाची वेळ तेव्हा देशभर दुपारी सव्वा एक अशी ठरवून दिली. सत्ता, बाजार आणि धर्म यांनी एका दुपारचे वाटे करून घेतले, असेच म्हणावे लागेल. त्याच संघराज्यातील शारजा अमिरातीने मात्र आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीनही दिवस सुट्टी दिली. ही सवलत धर्मासाठी, बाजारासाठी की निव्वळ कर्मचाऱ्यांच्या आनंदासाठी, हे धागाकर्ते आणि आडवाट यांनीच आपसात ठरवावे.