तिळाच्या बायोप्सीत अडलं की लगेच फिश चाचणी? माझा विरोध आहे

तनुजा:
काळी-तपकिरी गाठ म्हणजे साधा तीळ की मेलॅनोमा (त्वचेचा घातक कॅन्सर), हे सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर ठरेना की हल्ली लगेच "फिशला पाठवा". यात सहाव्या आणि अकराव्या गुणसूत्रावरच्या ठरावीक जागांना चमकणारे प्रोब लावून पेशीगणिक ठिपके मोजतात. २००९ च्या अभ्यासात या चाचणीने ८६.७ टक्के मेलॅनोमा पकडले आणि ९५.४ टक्के तिळांना तीळच म्हटलं. पण ते नमुने कोणते? ज्यांचं निदान स्लाइडवरच पक्कं झालं होतं! आपण अडतो ते स्पिट्झ ट्यूमरपाशी, म्हणजे मेलॅनोमासारख्या दिसणाऱ्या तिळापाशी. लहान मुलाच्या गालावरची गुलाबी गाठ, आत मोठमोठ्या, विचित्र दिसणाऱ्या पेशी. काही पेशींत सगळीच गुणसूत्रं दुप्पट असतात. मोजणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नाही तर ठिपके जास्त, रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि पोराच्या चेहऱ्यावर नको तेवढी मोठी शस्त्रक्रिया.

अभिजित_पी:
मॅडम, स्लाइड तरी कुठे ब्रह्मवाक्य आहे? २०१७ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास बघा. १८७ पॅथॉलॉजिस्ट, २४० नमुने. साध्या तिळात ९२ टक्के वेळा मत तज्ज्ञमंडळाशी जुळलं. साधा तीळ आणि पुढे गेलेला मेलॅनोमा यांच्या मधल्या गटांत मात्र, ज्यात सुरुवातीचा मेलॅनोमाही आला, जुळणी २५ ते ४३ टक्क्यांवर घसरली. सगळा घोळ तिथेच असताना गुणसूत्रांचा पुरावा नाकारायचा कशाच्या जोरावर?

स्किन_ओपीडी:
मी अभिजितच्या बाजूने. आपल्याकडचा मेलॅनोमा बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली असतो. सुरुवातीला पेशी इतक्या विरळ असतात की स्लाइडवर काहीच वावगं दिसत नाही. पण अशा गाठींत अकराव्या गुणसूत्रावरच्या सायक्लिन डी१ जनुकाच्या ढीगभर प्रती अनेकदा सापडतात, कधी तर डागाच्या कडेबाहेरच्या, साध्या दिसणाऱ्या त्वचेतही. रुग्ण डाग पायात घेऊन वर्षभर हिंडतो, आणि आपण वाट बघत बसायचं?

तनुजा:
तळव्याचं मान्य, तिथे मीही पाठवते. पण निगेटिव्ह आलं की "कॅन्सर नाही" असं कळवून मोकळं होणं मला पटत नाही. सरळसोट मेलॅनोमांतसुद्धा शंभरात तेरा निसटले होते. बीआरएएफ या जनुकातला बदल शोधणाऱ्या चाचणीचाही असाच गैरसमज. मेलॅनोमा ठरल्यावर औषध निवडायला ही चाचणी कामाची, पण हा बदल बहुसंख्य साध्या तिळांतही असतो, हे २००३ पासून माहीत आहे. तरी पॉझिटिव्ह शब्द वाचून नातेवाईक रडत येतात.

अभिजित_पी:
तो दोष रिपोर्ट लिहिणाऱ्याचा. स्पिट्झमध्ये नवव्या गुणसूत्रावरचा ९पी२१ भाग दोन्ही प्रतींतून गेलेला असेल तर गाठ दगा देण्याची भीती जास्त. हे स्लाइड सांगते का? मी तरी मागवणारच.

स्किन_ओपीडी:
दोघांनाही एक विनंती. आमच्याकडून पंचचा (गोल पात्याने काढलेला) एवढासा तुकडा आला तर सगळा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कापून संपवण्याआधी फोन करा. शक्य असेल तिथे आम्ही अख्खी गाठ काढून पाठवू.